१६ हजारांचा प्रोजेक्टर आणि ऑस्करचं भांडण

आधी मशीनबद्दल लिहिते, भांडणाचं मागाहून. खरं तर मशीन घरात आलं तेच भांडणापायी.

इंदूरला आमच्याकडे रविवारी सकाळी पोहे-जलेबी आणि धाकटे दीर, दोन्ही हजर असतात. मार्चमधल्या एका रविवारी ऑस्करचा विषय निघाला: नेटफ्लिक्ससारख्या सेवेवर थेट घरी येणाऱ्या सिनेमाला ऑस्कर द्यावं का? आमच्या ह्यांचं मत म्हणजे दगडावरची रेघ: जो सिनेमा टॉकीजला लागला नाही तो सिनेमाच नव्हे, मग त्याला सिनेमाचं बक्षीस कशाला? टीव्हीवाल्यांसाठी एमी आहे ना, ते घ्या. भाऊजी दुसऱ्या टोकाला. ते सगळं मोबाइलवर बघतात, तेही दीडपट वेगाने, आणि वर सांगतात की दिग्दर्शकाने उगाच लांबवलंय. "वहिनी, पोहे घरी केले म्हणून काय त्यांचा उपमा होतो का?" त्यावर हे म्हणाले, "घरच्या पोह्यांसाठी छप्पन दुकानवर बक्षीस मागायला जातं का कोणी?" (छप्पन दुकान म्हणजे आमची इंदूरची खाऊगल्ली.) मग पोह्यांवर टाकायचा जीरावन मसाला कुणी संपवला यावरून वेगळंच सुरू झालं.

मी गाणं शिकवते. ३२ वर्षं झाली. मला दोघांचंही पटत नव्हतं, कारण माझा प्रश्न निराळा होता. सिनेमा लागला कुठे हे राहू द्या, तो माझ्यापर्यंत पोचतो कसा? बक्षीस देणाऱ्यांनी जे ऐकलं तेच मला ऐकू येतं का? बेंगळुरूहून मुलगा म्हणाला, "आई, टीव्ही नको बदलूस, प्रोजेक्टर घे. बाबांना टॉकीजसारखं वाटेल." बाबा म्हणाले, वाटणार नाही. मी त्याच रात्री ऑर्डर दिली.

किंमत १६,४९९. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पहिला नग बिघडलेला निघाला आणि दुसरा बरा चाललाय, तेव्हा दोष नक्की कुणाला द्यायचा ते माझं मलाच ठरवता येत नाही. पहिल्यात पडद्याची डावी बाजू लख्ख आणि उजवी अशी, की चेहऱ्यावर साय आल्यासारखी. फोन केला. तिकडचा मुलगा गोड बोलत होता, पण निदान त्याने आधीच केलेलं होतं: "मैडम, आपकी दीवार टेढ़ी होगी." आमचं घर सासऱ्यांनी उभं राहून बांधून घेतलेलं. ह्यांनी माळ्यावरून ओळंबा काढला, भिंतीला लावला, त्याचा फोटो पाठवला. त्यानंतर भिंतीचा विषय निघाला नाही, पण नग बदलून यायला ११ दिवस लागले.

पडदा मात्र आमचा स्वतःचा. तयार पडद्यांच्या किमती बघून मी सरळ क्लॉथ मार्केटला गेले आणि जाड पडद्यांच्या आत लावतात ते पांढरं ब्लॅकआउटचं अस्तर घेतलं. दुकानदाराने विचारलं, किती खिडक्या? म्हटलं, एकच, पण हॉलएवढी. शिंप्याने वर-खाली नेफा घालून दिला, खालच्या नेफ्यात पडद्याची सळई घातली की कापड ताठ राहतं. सगळं मिळून ९०० रुपयांच्या आत. या अख्ख्या खरेदीत एकही खोट न निघालेली वस्तू हीच.

चित्राबद्दल थोडक्यात. जाहिरातीत दिवसा उजेडी चाललेली क्रिकेटची मॅच दाखवतात, तो विनोद समजावा. दिवसा या मशीनवर काहीही दिसत नाही. रात्री साडेआठनंतर, समोरच्यांच्या ओसरीवरचा दिवा मालवला की, छान दिसतं. कोपरे आपोआप चौकोनी होतात, फोकसही आपोआप लागतो, फक्त कुणी मशीनसमोरून गेलं की ते दचकून पुन्हा फोकस शोधायला लागतं. आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी कुणी सांगत नाही: मशीनच्या आत अॅप भरलेली असली तरी मोठ्या सेवांची मान्यता त्या मशीनला असतेच असं नाही. नसली तर अॅप उघडत तरी नाही, नाही तर मुद्दाम हलकं, धूसर चित्र सोडतात, चोरून नक्कल होऊ नये म्हणून. शेवटी सिनेमे लावायची वेगळी स्टिक आणि जेल रोडवरून एचडीएमआयची केबल आणावी लागली. तो खर्च वर धरून चाला.

आता आवाज. मुळात मी लिहायला बसले ते याच्यासाठी.

कुठलाही स्पीकर घरात आला की मी आधी तानपुरा लावते. पंचम आणि जोड या वरच्या तारा सगळ्याच स्पीकरांवर येतात. सगळ्यांत खालचा खर्ज येतो का, आणि खर्जाची तार सोडल्यावर मागून जी जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, फुलते ती येते का, एवढंच ऐकायचं. या प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर खर्ज नव्हताच. जवारीच्या जागी संध्याकाळी कानाशी येतो तो डास होता.

त्याच स्पीकरवर मी 'द डिसायपल' लावला. चैतन्य ताम्हाणे यांचा मराठी सिनेमा, शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या, आणि बहुधा कधीच मोठा न होणाऱ्या, एका मुलाचा. २०२० साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात मुख्य स्पर्धेत होता. पटकथेचं पारितोषिक मिळालं, समीक्षकांचंही मिळालं. त्याआधी जवळजवळ २० वर्षं तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा गेला नव्हता. आपल्याकडे तो ३० एप्रिल २०२१ ला नेटफ्लिक्सवर आला. ते दिवस आठवतात? कोविडची दुसरी लाट. टॉकीजचं नाव काढायची सोय नव्हती, इंदूरमध्ये माणसं खाट आणि ऑक्सिजन शोधत फिरत होती. मी तेव्हा तो फोनवर, कानात इअरफोन घालून, दोन रात्रींत पाहिला. त्यात नायक रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकलवर संथ जात असतो, खाली तानपुरा चालू, आणि त्यावर माईंचा, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंचा, जुना ध्वनिमुद्रित आवाज, साधना म्हणजे काय ते सांगणारा. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. सिनेमा आपल्यापर्यंत यायच्या ११ दिवस आधी, १९ एप्रिलला त्या गेल्या. इअरफोनमध्ये माई माझ्या मानेमागे बसून बोलत होत्या. मला फोन खाली ठेवता येईना.

आता १०० इंचांच्या पडद्यावर मोटरसायकल एवढी मोठी, रस्त्यावरचे दिवे एवढे देखणे, आणि माई जणू सरकारी खात्यातून बोलत होत्या. खालचा तानपुरा गायब. तानपुरा गेला की ते दृश्य म्हणजे नुसता एक माणूस मोटरसायकलवरून घरी चाललाय.

दुसऱ्या दिवशी ६,२०० चा साउंडबार आणला, जमिनीवर ठेवायच्या डब्यासकट. रात्री पुन्हा तेच दृश्य लावलं. खर्ज आला. इतका आला की शोकेसमधल्या पितळी समया थरथरायला लागल्या आणि ह्यांनी उठून त्यांच्यामध्ये रुमाल कोंबला. गायक अमीर खाँसाहेबांच्या गावात राहायचं आणि झुमरा तालातलं त्यांचं विलंबित डासाच्या आवाजात ऐकायचं, हे मला चालणारं नव्हतं. तेव्हा माझं पहिलं मत असं: साउंडबारशिवाय हा प्रोजेक्टर घेऊच नका. भाऊजी म्हणतात तसा सिनेमा कुठेही तोच राहत नाही, आणि ह्यांना वाटतं तसा टॉकीजबाहेर आला की मरतही नाही. माझ्या घरात त्याची किंमत ६,२०० रुपये निघाली.

भांडण पुढच्या रविवारी पुन्हा पेटलं, कारण हे आता नियम वाचून आले होते. पूर्ण लांबीच्या सिनेमाला, म्हणजे ४० मिनिटांपेक्षा मोठ्या, ऑस्करसाठी उभं राहायचं तर तो सलग ७ दिवस तिकीट लावून टॉकीजमध्ये चालला पाहिजे. कुठल्याही गावात चालत नाही. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, शिकागो, अटलांटा, डॅलस अशी अमेरिकेतली सहाच ठिकाणं ठरलेली. रोज किमान तीन खेळ, आणि त्यातला एक संध्याकाळी ६ ते १० च्या मध्ये. शिवाय २०२४ च्या सिनेमांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी आणखी कडक: त्या पहिल्या आठवड्यानंतर ४५ दिवसांच्या आत अमेरिकेतल्या ५० मोठ्या बाजारपेठांपैकी १० ठिकाणी आणखी ७ दिवस. "बघ," हे म्हणाले, "तेही टॉकीजच मागतात."

मागतात, खरं आहे. पण कशासाठी मागतात ते बघा. माझ्याकडे परीक्षेला बसणाऱ्या मुलींच्या फॉर्मवर माझी सही लागते. सही झाली म्हणजे रियाज झाला असं मी तरी कधी मानलं नाही. काही पालक मार्गशीर्षात मुलीला घेऊन येतात आणि फाल्गुनात सही मागतात. लॉस एंजेलिसमधले ते ७ दिवस मला या सहीसारखे वाटतात. ज्याच्याकडे पैसा आहे तो हॉल भाड्याने घेऊन सही मिळवतो. सिनेमा सिनेमा आहे का, याची परीक्षा त्यात कुठे होते? आणि मत देणारी मंडळी तो बघतात कुठे? ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २०१९ पासून सभासदांसाठी घरबसल्या सिनेमे बघायची स्वतःची सेवा काढली आहे. पुढे डीव्हीडी पाठवणंही बंद केलं. २०२५ मध्ये तर नियम आला की ज्या विभागात शेवटचं मत द्यायचं त्यातले सगळे नामांकित सिनेमे सभासदाने पाहिलेले असले पाहिजेत. सगळे म्हटल्यावर माणूस किती वेळा मोटार काढून टॉकीजला जाणार? म्हणजे सिनेमा डॅलसच्या हॉलमध्ये हजेरी लावून येतो, आणि परीक्षक त्याला आपल्या सोफ्यावर बसून मार्क देतो. हे सांगितल्यावर भाऊजींनी टाळी मागितली. मी दिली नाही. दीडपट वेगाने बघणाऱ्याला टाळी देत नाही.

ह्यांनी मग हॉलिवूडचे दिग्दर्शक स्पीलबर्ग काढले. २०१८ साली ते एका मुलाखतीत म्हणाले होते की टीव्हीच्या स्वरूपात काढलेला सिनेमा टीव्हीचाच, चांगला असला तर त्याला एमी द्या, ऑस्कर नको. माणूस मोठा आहे, प्रश्नच नाही. पण याच स्पीलबर्ग यांचा 'ड्युएल', ट्रकने पाठलाग करायचा तो, १९७१ मध्ये एबीसी वाहिनीवर टीव्ही सिनेमा म्हणून आला होता, आणि मग लांबी वाढवून परदेशी टॉकीजमध्ये लावला गेला. आमच्या ह्यांनी तो किती वेळा पाहिलाय ते मी मोजलेलं नाही. शिवाय २०२१ मध्ये स्पीलबर्ग यांच्या अॅम्ब्लिन कंपनीने नेटफ्लिक्सशी करारही केला. हे म्हणाले, "तो धंदा झाला." मी म्हटलं, "अहो, आणि ते ७ दिवस काय पूजा आहे का?"

फ्रान्सवाल्यांचं मला त्या मानाने पटतं. २०१७ साली कान महोत्सवात नेटफ्लिक्सचे दोन सिनेमे स्पर्धेत होते. 'ओक्जा' सुरू होताना पडद्यावर नुसतं कंपनीचं चिन्ह आलं तर लोकांनी हुर्यो उडवली. पुढच्या वर्षापासून नियम झाला: फ्रान्समधल्या टॉकीजला लागणार नसेल तो सिनेमा स्पर्धेत नको. तिथे तेव्हा टॉकीजनंतर वर्गणीवाल्या सेवेवर यायला सिनेमाला ३६ महिने थांबावं लागे, त्यामुळे कंपनी अडून बसली. पण कानचं बोलणं निदान सरळ आहे. आम्हाला आमच्या टॉकीज वाचवायच्यात, म्हणून हा नियम. सिनेमा हलका आहे असं त्यात कुठे येत नाही. रीगल चौराह्यावरून जाताना मला ते समजतं. चौराहा आहे, नाव आहे, रीगल टॉकीज बंद. नेटफ्लिक्सचा 'रोमा' कानला न जाता व्हेनिसला गेला आणि २०१८ चा सुवर्णसिंह, म्हणजे तिथलं सर्वोच्च पारितोषिक, घेऊन आला, पुढे ऑस्करची १० नामांकनं आणि ३ पारितोषिकं, त्यातलं एक दिग्दर्शनाचं. तो काढणारे क्वारॉन म्हणजे आपल्या ताम्हाण्यांना 'रोमा'च्या चित्रीकरणावर सोबत ठेवून घेणारे, आणि नंतर 'द डिसायपल'च्या मागे निर्माते म्हणून उभे राहणारे. गुरू-शिष्य दोघांचेही सिनेमे आम्ही इंदूरवाल्यांनी पाहिले ते घरातच.

आता 'कोडा'बद्दल. इथे मात्र ह्यांचं पारडं जड झालं.

२०२० मध्ये कोविडमुळे अकादमीने तात्पुरती सूट दिली होती. टॉकीजसाठी काढलेला सिनेमा आधी घरी आला तरी चालेल. ती सूट पुढे काढून घेतली, पण तोवर व्हायचं ते झालं. मार्च २०२२ मध्ये अॅपलचा 'कोडा' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, घरपोच सेवेचा पहिलाच. कर्णबधिर कुटुंबातली एकच ऐकू येणारी मुलगी, आणि तिला गायचंय. गाणाऱ्या मुलींच्या आयांनी बघावाच. त्यात शाळेच्या कार्यक्रमात ती गायला उभी राहते, आईबाप प्रेक्षकांत बसलेत, आणि एका क्षणी सिनेमाचा आवाज पूर्ण बंद होतो. बापाला जे ऐकू येतं तेवढंच आपल्याला. तो आजूबाजूच्या लोकांचे चेहरे बघत बसतो, आपली मुलगी कशी गाते ते त्यांच्या डोळ्यांतून समजून घेत.

मे महिना होता. त्या जागी आवाज बंद झाला आणि आमच्या हॉलमध्ये कूलर गर्जत होता. मी रिमोटने मागे नेलं, कूलर बंद केला, पुन्हा लावलं. आता पंखा. पंखाही बंद केला. घाम यायला लागला, पण म्हटलं राहू दे. पुन्हा लावलं. ती गायला लागली, आवाज गेला, आणि त्या शांततेत पहिल्यांदा मला प्रोजेक्टरचा स्वतःचा पंखा ऐकू आला. बारीक, सतत, मध्येच सूर थोडा चढवणारा. पेटीवरच्या काळी दोनच्या आसपास होता. त्यावर स्वयंपाकघरातला फ्रिज सुरू झाला. मग शेजारच्यांचा पाण्याचा पंप.

ती शांतता आमच्या घरात आलीच नाही. चौथ्या वेळेला मी प्रयत्न सोडून दिला. हे काही बोलले नाहीत, जे त्यांच्यासाठी फार झालं.

तेव्हा मशीनला माझा मोठा दोष हाच: पंखा ऐकू येतो. शांत म्हणून जाहिरात आहे, शांत नाही. भरलेल्या, मोठ्या, काळोख्या हॉलमध्ये ३०० माणसांनी एकदम श्वास धरला तर जी शांतता होईल ती १६ हजारांत मिळत नाही, आणि एक लाखातही मिळेल असं वाटत नाही. इथल्या सानंद संस्थेच्या मराठी नाटकाला जाते तेव्हा ती मिळते. तिथे कुणाच्या हातात रिमोट नसतो, हेही त्याचं एक कारण.

पण मग तिकीट काढलं की ती मिळते का? गेल्या महिन्यात आम्ही एका मॉलमध्ये मराठी सिनेमाला गेलो. इंदूरमध्ये मराठी सिनेमा म्हणजे दिवसात एक खेळ, तोही आडवेळी. आम्ही धरून नऊ जण. पलीकडच्या पडद्यावर काहीतरी धडामधूम चालू होतं, त्याचे ठोके भिंतीतून आमच्या सिनेमातल्या आईच्या मरणाच्या प्रसंगात येत होते. पुढच्या रांगेतला एकजण नाचोज खात खात पूर्ण वेळ मोबाइलवर शेअरचे भाव बघत होता. तिथे जाऊन तक्रार केली तर मॅनेजर म्हणाले, "मैडम, साउंड तो कंपनी सेट करती है." हे गाडीत बसेपर्यंत गप्प होते, मग म्हणाले, "टॉकीज असं नसतं." म्हटलं, "अहो, आता असंच असतं."

आपल्याकडच्या राष्ट्रीय पुरस्कारांचं दार मला यात सगळ्यांत साधं वाटतं. तिथे टॉकीज कुणी विचारत नाही, सेन्सॉर बोर्डाचं त्या वर्षातलं प्रमाणपत्र विचारतात. घरपोच सेवेवर दाखवायला ते प्रमाणपत्र लागत नाही, पण पुरस्कार हवा तर काढा. म्हणूनच 'सूराराई पोट्टरू' नोव्हेंबर २०२० मध्ये थेट प्राइमवर येऊनसुद्धा ६८ व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. ६९ व्यांत 'सरदार उधम' सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपट आणि 'मिमी'साठी कृती सनोन अभिनेत्री, आलिया भट्टबरोबर विभागून. दोन्ही सिनेमे थेट घरी आलेले. 'मिमी' म्हणजे आपल्या 'मला आई व्हायचंय!'चा हिंदी अवतार, त्या मराठी सिनेमालाही राष्ट्रीय पुरस्कार होता. कुणी आभाळ कोसळल्यासारखं केलं नाही. कागद सिनेमाचा मागितला, हॉलचा नाही.

आणि 'लापता लेडीज'? तो दोघांच्याही बाजूने आणि दोघांच्याही विरुद्ध जातो. चित्रीकरण आपल्या सीहोर जिल्ह्यातलं, इंदूरहून भोपाळला जाताना लागतो तो भाग. १ मार्च २०२४ ला टॉकीजला लागला, २६ एप्रिलला नेटफ्लिक्सवर आला. मोजलं तर बरोबर ५६ दिवस, आणि हा आकडा इंदूरकराच्या जिभेवरच असतो. टॉकीजला लागला म्हणून त्याला भारताकडून ऑस्करला जाता आलं, पण आमच्या गल्लीत त्याची चर्चा सुरू झाली ती मे महिन्यात, घराघरांत पोचल्यावर. आम्ही तो टॉकीजमध्ये पाहिला होता आणि आता प्रोजेक्टरवर पुन्हा पाहिला. रेल्वेच्या डब्यातली घुंघटवाली गर्दी अस्तराच्या कापडावरही झकास दिसली. गाडीचा आवाज तर साउंडबारने टॉकीजपेक्षा बरा दिला. हे मी लिहितेय ते ह्यांनी वाचलंय, खोडलेलं नाही.

खरी तक्रार मात्र मशीनशी नाही, त्यावर चालणाऱ्या सेवांशी आहे. इंटरनेटवाल्याने पाच-सहा अॅपांचा एक पॅक दिलाय. त्यातल्या एका सेवेचं नाव न घेता सांगते. हिचा स्वस्तातला दर आम्ही घेतला. सिनेमात एक बाई अंगाई गात होती, दुसऱ्या ओळीच्या मध्यावर तोडून फरशीची जाहिरात. ओळ पूर्ण व्हायचीसुद्धा वाट बघितली नाही. माझ्या यादीत ठेवलेला एक जुना सिनेमा एका सकाळी नाहीसा, का ते विचारायला माणूस नाही. आणि सगळ्यांत चीड येते ती शेवटी. सिनेमा संपला, काळ्यावर नावं यायला लागली की पाच सेकंदांत ती आक्रसून पोस्टाच्या तिकिटाएवढी होतात आणि कुठल्यातरी मारामारीच्या मालिकेचा टीझर सुरू. आवाज कुणी लावला, तानपुऱ्यावर कोण, कुणी किती वर्षं काय केलं, सगळं तिकिटात गेलं.

२०२१ च्या ऑस्करला ध्वनीचं पारितोषिक अॅमेझॉनच्या 'साउंड ऑफ मेटल'ला मिळालं होतं. ऐकू येईनासं झालेल्या ड्रमवादकाचा सिनेमा. योग्यच मिळालं. पण ध्वनीचं बक्षीस घ्यायचं तर ज्या माणसांनी तो ध्वनी केला त्यांची नावं वाचू द्याल की नाही? माझ्या हातात असतं तर मी अकादमीला सांगितलं असतं, ते डॅलस आणि शिकागो राहू द्या. घरपोच सिनेमा खुशाल घ्या स्पर्धेत, पण तो जिथे दाखवाल तिथे एवढं लिहून द्या: मध्ये जाहिरात नाही, शेवटची नावं पूर्ण आकारात, आणि बक्षीस मिळालेला सिनेमा एका सकाळी नाहीसा होणार नाही. हे पाळणं हॉल भाड्याने घेण्यापेक्षा स्वस्त आहे, म्हणून मला शंका येते की कुणी पाळणार नाही.

तर हिशेब. प्रोजेक्टरला पाचपैकी तीन तारे, पंख्याचे दोन कापले. साउंडबारला चार. पॅकला दोन, तेही दुसरं काही परवडत नाही म्हणून. क्लॉथ मार्केटच्या अस्तराला पाच, आणि शिंप्याला वरून चहा. घ्यायचा असेल तर उन्हाळ्यात घेऊ नका, कूलरपुढे कुठलाच सिनेमा टिकत नाही. पावसाळा लागला की घ्या. मशीन डोक्याच्या मागे, उंच फळीवर ठेवा, कानाजवळ नको. समया आधी उचला.

बाकी आमच्याकडे एक कामाची वाटणी झाली आहे. सिनेमा संपत आला की रिमोट ह्यांच्या हातात. नावं आक्रसायच्या आत, पाच सेकंदांत, बरोबर बटण दाबून ती परत मोठी करायची. चष्मा डोक्यावर असला की चुकतं. मागच्या रविवारी चुकलं, तर भाऊजी हसले आणि हे त्यांच्यावर असे उखडले की ध्वनिमुद्रकाचं नाव सापडेपर्यंत सिनेमाची शेवटची दहा मिनिटं सगळ्यांना पुन्हा बघावी लागली. नेहमीच्याच वेगाने.